सामंताची साक्ष

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाविषयी लिहिताना समीक्षकाची लेखणी बहुधा बेणारेच्या स्वगतापाशी जाऊन थबकते. १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले, सुलभा देशपांडे यांनी बेणारे उभी केली, आणि स्वगत म्हणजेच नाटक असा जणू दंडक पडला. महाविद्यालयीन स्पर्धांत तर ते सुटे काढून वक्तृत्वाच्या भाषणासारखे म्हटले जाते आणि त्याला बक्षिसेही मिळतात. बेळगावच्या मुलामुलींना घेऊन हे नाटक बसवताना, प्रयोगाआधीच्या तीन आठवड्यांत माझे मत मात्र निराळे झाले. या नाटकाचा कणा सामंताच्या साक्षीत आहे.

मुंबईहून आलेली हौशी मंडळी, एका नटाची गैरहजेरी, आणि ऐनवेळी उभा केलेला गावातला सामंत. त्याला कोर्टाची रीत कळावी म्हणून खेळ मांडायचा आणि आरोपी बेणारेला करायचे. कोर्ट कसे असते हे ठाऊक नसलेला हा साधा माणूस साक्षीदार म्हणून उभा राहतो, एका कादंबरीतला मजकूर आपली हकिकत म्हणून सांगतो, आणि नेमका जिवंत जखमेवर बोट ठेवतो. हे सगळे खोटे आहे, असे बेणारे म्हणते तेव्हा तोही भाबडेपणाने कबूल करतो, की खोटेच आहे. पण तोवर बाकीच्यांना वास लागलेला असतो.

बहुतेक प्रयोगांत सामंत बावळट आणि विनोदी रंगवतात. आमच्या गटातल्या काही मुलांनाही तेच हवे होते. सामंत करणारा मुलगा घरी कानडी बोलणारा. मराठी तो जपून, पूर्ण वाक्यांत बोलतो. त्याने जरा अडखळावे, हशा येईल, असा सल्ला त्याला मिळाला. सीमाभागात अडखळत्या मराठीला हशा ठरलेलाच असतो, आणि उलट बाजूला आमच्या कानडीलाही. मी साफ नकार दिला. त्याने साक्ष अगदी नेकीने, दुसऱ्याच्या घरी पाहुणा बोलतो तशा अदबीने दिली. तालमीच्या खोलीत त्या दिवशी कुणी हसले नाही. खोटे बोलण्याची परवानगी मिळालेला सज्जन माणूस किती घातक ठरतो, हे त्या अदबीमुळे दिसले.

दुसऱ्या आठवड्यात खेळ चहाच्या कपांपर्यंत आला. काशीकर आणि सुखात्मे करणारी मुले बेणारे करणाऱ्या मुलीला बाहेरही ‘आरोपी’ म्हणून हाक मारू लागली. तिने हसण्यावारी नेले, पण चौथ्या दिवशी मला विचारले, “सर, हे तालमीबाहेर थांबायला नको का?” मी हालचालींची तालीम रद्द केली. प्रत्येक मुलाला दोन-दोन मिनिटे पिंजऱ्यात बसवले आणि उरलेल्यांना त्याच्या घराविषयी काहीही विचारायची मुभा दिली. पोंक्षे करणाऱ्याचा आवाज तिसऱ्याच प्रश्नाला फुटला. ‘आरोपी’ ही हाक त्या दिवसापासून बंद झाली. पुढे खटल्यातली मौज अंगावर येऊ लागली, कारण ती कुठून येते हे आता त्यांना ठाऊक झाले होते.

स्वगताचा प्रश्न शेवटच्या आठवड्यातला. ते दिग्दर्शकाच्या आग्रहावरून लिहिले गेले, अशी हकिकत सांगतात. त्याची भाषा बाकीच्या नाटकातल्या बोलीहून जड आहे, एवढे मात्र कानाला जाणवते. पण रचना पाहा. काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात, सगळी पात्रे थिजतात, आणि ती बोलते. कोर्टाच्या घड्याळाप्रमाणे ती काहीच बोललेली नाही. मग प्रेक्षकांकडे पाहून टाहो फोडण्यात काय अर्थ? आम्ही ते हळू आवाजात, शेवटच्या रांगेला जेमतेम ऐकू जाईल असे ठेवले. मुलीचे पाठांतर चोख होते, त्यामुळे हे साधले. अर्धवट पाठांतरावर हळू बोलता येत नाही.

याच सुमारास संस्थेतल्या एका ज्येष्ठांनी निकालातला गर्भाचा उल्लेख गाळावा, असे सुचवले. तो गाळला तर खटला कशाचा, हे मी त्यांना सांगत होतो, तेवढ्यात तालीम पाहायला आलेल्या त्या मुलीच्या आई म्हणाल्या, “पाठ केलंय ना तिनं सगळं? मग गाळता कशाला?” विषय तिथेच मिटला.

शेवटी सामंत बेणारेजवळ हिरवा कापडी पोपट ठेवून जातो. मुलांना वाटे, ही केवळ कणव आहे. आपल्या साक्षीने काय केले हे त्याला कळले आहे की नाही, हे मी त्या मुलाला शेवटपर्यंत सांगितले नाही. रंगीत तालमीत त्याने पोपट ठेवला, पण हात लगेच काढला नाही. मग एकदम काढला आणि दाराकडे वळला. आम्ही ते तसेच ठेवले.