हळद काळवंडली, पण भेसळ कुठे आहे?

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. गेल्या वर्षी एका माध्यमिक शाळेतला या दिवसाचा कार्यक्रम मागच्या बाकावर बसून पाहिला. आठवीच्या मुलांनी ग्राहकाचे सहा हक्क न अडखळता म्हणून दाखवले. एका मुलीने दुकानदाराकडे पावती मागणाऱ्या ग्राहकाची भूमिका छान वठवली. शेवटी विज्ञानाच्या सरांनी जवळच्या किराणा दुकानातून आणलेली हळद परीक्षानळीत घेतली, तीत पाणी घालून ढवळले आणि आयोडीनचे थेंब टाकले. मिश्रण काळवंडले. ‘‘पाहा, पिठाची भेसळ!’’ सर म्हणाले. टाळ्या पडल्या. हळद कोणत्या दुकानातली, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होते.

सरांच्या तळमळीविषयी शंका नाही. पण त्या पाच मिनिटांत एका माणसावर आरोप झाला, आणि त्या आरोपाला आधार नव्हता. आयोडीनमुळे स्टार्च ओळखता येतो हे खरे. मात्र हळद हा झाडाचा जमिनीखालचा खोड-भाग आहे. बटाट्याप्रमाणे त्यातही स्टार्चचा साठा मुळातच असतो. अस्सल हळकुंड घरी कुटून त्यावर आयोडीन टाकले, तरी ते काळवंडणारच. सरांनी दुसऱ्या परीक्षानळीत अशी कुटलेली हळद घेतली असती, तर दोन्ही नळ्या काळवंडलेल्या दिसल्या असत्या आणि वर्गाला खरा प्रश्न पडला असता. तुलनेसाठी दुसरा नमुना ठेवायचा, हे आपण वनस्पतींच्या प्रयोगात कटाक्षाने शिकवतो. बाजाराचा विषय निघाला की तेच का विसरतो?

माझ्या मते दोष एका प्रयोगाचा नाही, विषयाच्या मांडणीचा आहे. ग्राहक शिक्षण हा आपण नागरिकशास्त्राचा धडा मानतो आणि विज्ञान शिक्षकाला त्यात केवळ चमत्कार दाखवण्यापुरते बोलावतो. हक्कांची यादी पाठ होते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात चार हक्क सांगितले आणि आपल्या कायद्यात ते सहा झाले, हेही मुले सांगतात. पण हक्क बजावायचा तर काहीतरी सिद्ध करावे लागते. सिद्ध कसे करायचे, हे यादीत नसते. यादी ताजी असते असेही नाही. त्या वर्गातल्या तक्त्यावर १९८६चाच कायदा होता. त्याच्या जागी २०१९चा कायदा आला आणि तो जुलै २०२०पासून लागू आहे.

गंमत अशी की, कायदा आपल्या वर्गापेक्षा अधिक शास्त्रीय वृत्तीने वागतो. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग नमुना घेतो, तो मोहोरबंद करतो आणि प्रयोगशाळेकडे पाठवतो. प्रयोगशाळेच्या निष्कर्षावर किंवा तपासणीच्या पद्धतीवर कोणत्याही पक्षाला लेखी आक्षेप घेता येतो. अन्न सुरक्षा कायद्यानुसार ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. मात्र तसा विचार असल्याचे विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. त्या वर्गात दुकानदाराला काही सांगितले होते का?

वजनाचेही तसेच. मुलांना ८० ग्रॅमचा बिस्किटचा पुडा तोलायला दिला आणि बिस्किटे ७८ ग्रॅम भरली, की ‘फसवणूक’ हा शब्द लगेच उमटतो. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत ५० ते १०० ग्रॅमच्या एकेका पुड्यामागे साडेचार ग्रॅमपर्यंत त्रुटी चालते. कारण यंत्राने भरलेले सगळे पुडे तंतोतंत सारखे निघत नाहीत. पण म्हणून उत्पादकाला सरसकट कमी भरायची मोकळीक नाही. तपासणीसाठी काढलेल्या पुड्यांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे एका पुड्यावरून निवाडा होत नाही, अनेक पुडे तोलावे लागतात. सरासरी म्हणजे काय, नमुना किती मोठा हवा, आपला तराजू कितपत खरा, वेष्टनाचे वजन वजा केले का, हे सगळे प्रश्न इथे आपसूक येतात. गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण कुठे मिळणार?

आता जबाबदाऱ्यांविषयी. पावती घ्या, मुदत पाहा, आयएसआय चिन्ह पाहा, असे तक्त्यावर लिहिलेले असते. या सूचना उपयोगी आहेत आणि पावती मागायचे धैर्य मुलांना त्यांतूनच येते, हे मान्य केले पाहिजे. पण नीट पाहिले तर ही सारी स्वतःला जपण्याची कलमे आहेत. दुसऱ्यावर बोट ठेवण्यापूर्वी आपला पुरावा तपासणे, ही जबाबदारी त्यांत नाही. ती शिकवायची कुणी? माझ्या मते विज्ञान शिक्षकाने.

त्यासाठी फार काही लागत नाही. बाजारातली हळद आणि घरी कुटलेले हळकुंड शेजारी शेजारी तपासा. नमुन्यांना दुकानांची नावे न देता क्रमांक द्या. निष्कर्षाच्या जागी ‘भेसळ आहे’ असे न लिहिता ‘या चाचणीने काय कळले, काय कळले नाही’ असे दोन रकाने मुलांकडून भरून घ्या. खरोखर संशय उरला, तर अन्न व औषध प्रशासनाला अर्ज लिहिणे हा पुढचा पाठ.

कार्यक्रम संपल्यावर सरांशी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दोन नळ्या ठेवून प्रयोग पुन्हा केला. ‘‘काल मी चुकलो’’ असेही मुलांना सांगितले. ग्राहक दिनाचा खरा धडा मुलांना त्या दिवशी मिळाला.