अर्बुदरोधक जनुके : ‘ब्रेक’ आणि ‘राखणदार’ या रूपकांची चिकित्सा

मानवी कर्करोगाची जनुकीय मीमांसा शिकवताना मोटारगाडीचे रूपक आता जवळजवळ रूढ झाले आहे. कर्कजनुक म्हणजे दाबलेला अवस्थेत अडकलेला ॲक्सिलरेटर आणि अर्बुदरोधक जनुक म्हणजे निकामी झालेला ब्रेक, एवढे सांगितले की विषय समजला असे मानले जाते. या रूपकाचे अध्यापनमूल्य नाकारण्याचे कारण नाही. तथापि ते कोठवर टिकते आणि कोठे दिशाभूल करते, हे तपासणे अगत्याचे आहे.

रूपकाचा सर्वांत भक्कम आधार रेटिनोब्लास्टोमा या बालवयातील दृष्टिपटलाच्या अर्बुदात सापडतो. १९७१ साली आल्फ्रेड नुडसन यांनी अवघ्या ४८ रुग्णांच्या नोंदींचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले. दोन्ही डोळ्यांत अर्बुदे असलेल्या मुलांच्या निदानवयाचा आलेख एकाच घटनेची वाट पाहणाऱ्या प्रक्रियेशी जुळत होता, तर केवळ एका डोळ्यात अर्बुद असलेल्या बहुसंख्य मुलांच्या बाबतीत दोन घटना गृहीत धराव्या लागत होत्या. पहिल्या गटातील मुलांना एक आघात जन्मतःच मिळालेला असतो, हा त्याचा अर्थ. जनुक हाती नसताना केवळ वयांच्या नोंदींवरून काढलेले हे अनुमान १९८६ मध्ये तेराव्या गुणसूत्रावरील आरबी जनुक वेगळे करण्यात आले तेव्हा खरे ठरले. आरबी प्रथिन पेशीविभाजनास आवश्यक असणाऱ्या ई२एफ घटकांना बांधून ठेवते. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या की बंधन सुटते. येथे ‘ब्रेक’ हा शब्द शोभतो.

पी५३ च्या बाबतीत मात्र तो शोभत नाही. हे प्रथिन १९७९ मध्ये एका अर्बुदकारक विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेले आढळले आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे त्याच्या जनुकाची गणना कर्कजनुकांत होत राहिली. प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या प्रतींपैकी अनेक प्रती मुळातच उत्परिवर्तित होत्या, हे १९८९ मध्ये उघड झाले आणि वर्गीकरण उलटे झाले. (नावातील ५३ हा आकडाही फसवाच आहे. जेलमध्ये हे प्रथिन संथ सरकते म्हणून तेवढे वस्तुमान भासले. प्रत्यक्षात ते सुमारे ४४ किलोडाल्टन आहे.) १९९२ मध्ये डेव्हिड लेन यांनी त्याला ‘जीनोमचा राखणदार’ म्हटले आणि हे बिरूद चिकटले ते कायमचेच.

मानवी अर्बुदांपैकी जवळपास निम्म्यांत या जनुकात उत्परिवर्तन आढळते. परंतु त्यातील बहुतेक वेळा जनुक नाहीसे झालेले नसते. प्रथिनातील एखादेच अमिनो आम्ल बदलते आणि सदोष प्रथिन पेशीत साचत राहते. पी५३ चार घटकांच्या संचाने काम करीत असल्याने सदोष घटक निरोगी प्रतीपासून बनलेल्या घटकांनाही निकामी करू शकतो. म्हणजे दुसरा आघात होण्यापूर्वीच हानीला आरंभ होतो. असा राखणदार केवळ झोपलेला नसतो, तो इतर राखणदारांचे हातही धरून ठेवतो. ब्रेकच्या भाषेत या वर्तनाला जागाच नाही, आणि ते कर्कजनुकासारखे का भासले याचा उलगडाही त्या भाषेतून होत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उदाहरण याहून बोलके आहे. भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळणाऱ्या या रोगात पी५३ चे जनुक बहुधा शाबूत असते. एचपीव्ही विषाणूचे ई६ प्रथिन पी५३ चा नाश घडवते आणि ई७ प्रथिन आरबीला निष्प्रभ करते. जनुकाचे एक अक्षरही न बदलता त्याचे कार्य नष्ट होते. ‘कर्करोग म्हणजे जनुकांतील बिघाड’ हे वाक्य येथे अपुरे पडते. इतकेच नव्हे, तर लसीकरणाने टाळता येण्याजोग्या रोगाला दैवाचा रंग देण्याचा धोका त्यात आहे.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी लागते. २०१८ मध्ये निरोगी व्यक्तींच्या अन्ननलिकेच्या ऊतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम वयापर्यंत त्यांत नॉच१ या जनुकाची उत्परिवर्तने मोठ्या क्षेत्रावर पसरलेली आढळली. त्यांचे प्रमाण अन्ननलिकेच्या कर्करोगातील प्रमाणापेक्षाही अधिक होते. तेथे पी५३ चे उत्परिवर्तन असलेले पेशीसमूहही होते. ब्रेक तुटला की गाडी उतारावरून सुटलीच, हे समीकरण अशा निरीक्षणांपुढे टिकत नाही.

वर्गाबाहेर या भाषेचे परिणाम अधिक गंभीर आहेत. ‘तिच्यात बीआरसीए जनुक आहे’ असे वाक्य वृत्तपत्रांत आणि बोलण्यात सर्रास येते. वस्तुतः ते जनुक प्रत्येक मनुष्यात असते आणि असायलाच हवे; वारशाने येतो तो त्यातील दोष. तो मातेकडून येण्याची जितकी शक्यता, तितकीच पित्याकडूनही. तरीही स्तनाचा वा बीजाशयाचा रोग हा ‘बायकांचा’ म्हणून आई-मावशीचा इतिहास विचारला जातो आणि आत्या व आजी (वडिलांची आई) नोंदीतून निसटतात. वंशावळीत प्रभावी दिसणारा दोष पेशीच्या पातळीवर अप्रभावी असतो, ही गुंतागुंत न शिकवल्याचीच ही फळे आहेत.

शिवाय बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही विभाजन थांबवणारी जनुके प्रामुख्याने नव्हेतच. ती डीएनएच्या दुहेरी तुटींची दुरुस्ती करतात. किन्झलर आणि फोगेलस्टीन यांनी १९९७ मध्येच ‘द्वारपाल’ आणि ‘देखभाल करणारी’ असा भेद सुचवला होता. हा भेद पाठ्यपुस्तकांत आला असला, तरी ब्रेकचे रूपक त्याला झाकून टाकते. २०१४ मध्ये मान्यता मिळालेले ओलापॅरिब हे औषध नेमक्या याच भेदावर उभे आहे. दुरुस्तीचा एक मार्ग गमावलेल्या कर्कपेशीचा दुसरा मार्गही अडवला की ती तग धरू शकत नाही, तर एक प्रत शाबूत असलेली शेजारची पेशी बऱ्याच अंशी तरून जाते.