चित्रकथांचा जीर्णोद्धार

पडक्या देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे गांवाला आनंद होतो. परंतु जुन्या काळ्या पाषाणावर तैलरंगाचे जाड थर चढलेले पाहिले म्हणजे जाणत्याचें मन खिन्न होतें. अमेरिकेंतील अतिमानवी वीरांच्या जुन्या चित्रकथा, म्हणजे तेथील ‘कॉमिक’, जाड पुठ्ठ्याच्या बांधणींत पुनर्मुद्रित होऊन संग्राहकांच्या कपाटांत मानानें बसलेल्या पाहतांना आम्हांस हाच दुहेरी अनुभव आला. विषय पोरकट आहे असें म्हणून वाचकानें पान उलटूं नये. नाशवंत वाङ्मय टिकवावें कसें, हा प्रश्न आपल्याहि दारचा आहे.

ह्या चित्रकथा टिकण्यासाठीं जन्मल्याच नव्हत्या. ज्यांत सुपरमॅन प्रथम अवतरला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा जून १९३८ चा पहिला अंक दहा सेंटांस मिळे. वर्तमानपत्री कागद, तारेचे टांके आणि वाचणारें पोर! एवढ्यांतून जें वांचलें त्यांतील पुष्कळसें दुसऱ्या महायुद्धांतील रद्दीच्या मोहिमांनीं गिळलें. म्हणूनच त्या अंकाची एक उत्तम प्रत २०२४ सालीं साठ लक्ष डॉलरांस विकली गेली. अशा स्थितींत सामान्य वाचकास तो मजकूर वाचावयास मिळावा, हें पुनर्मुद्रणाचें पहिलें पुण्य होय. १९६५ सालीं ज्यूल्स फायफर ह्यांनीं आपल्या विवेचक निबंधासह कांहीं जुन्या कथा एकत्र छापून ह्या वाङ्मयास ग्रंथाची प्रतिष्ठा दिली. पुढें १९८७ पासून मार्व्हल कंपनीची ‘मास्टरवर्क्स’ व १९८९ पासून डीसी कंपनीची ‘आर्काइव्ह एडिशन्स’ अशा दोन माला निघाल्या.

ह्या खंडांचा खरा लाभ सलग वाचनांत आहे. ‘सुपरमॅन आर्काइव्ह्ज’चा पहिला खंड उघडतांच दिसतें कीं, आरंभींचा हा वीर उडत नाहीं, केवळ प्रचंड उड्या मारतो. तो बायकोस मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवितो, आणि मजुरांच्या जिवाची पर्वा न करणाऱ्या खाणमालकाला त्याच्याच खाणींत कोंडून शहाणा करितो. ग्रहगोलांशीं झुंजणारा पुढील सुपरमॅनच ज्यांस ठाऊक, त्यांस मंदीच्या दिवसांतील हा गरिबांचा कैवारी अनोळखी वाटेल. तीच गोष्ट ‘मास्टरवर्क्स’च्या पहिल्या खंडाची. स्टॅन ली व स्टीव्ह डिटको ह्यांची ऑगस्ट १९६२ मधील पहिली स्पायडरमॅन-कथा व तीमागून आलेले दहा अंक त्यांत आहेत. भिंतीवर चढणाऱ्या त्या पोराच्या घरीं भाडें थकलेलें असतें आणि त्याची काकी दागिने गहाण टाकते. सुट्या अंकांत जी करमणूक होती, ती येथें एका पोरक्या मुलाच्या वाढीची कादंबरी होऊं पाहते.

परंतु रंगाच्या बाबतींत आमची तक्रार आहे. मूळ छपाई पिवळा, तांबडा, निळा व काळा ह्या चार शायांची. पहिल्या तिहींच्या दाट-विरळ ठिपक्यांतून चौसष्टच छटा निघत, आणि खरखरीत कागदांत मुरून त्या सौम्य होतील हें धरूनच रंगयोजना केली जाई. तेच रंग गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र कागदावर जसेच्या तसे छापले कीं किंचाळूं लागतात. रेषेची अडचण याहूनहि मोठी. मूळ चित्रें पुष्कळ ठिकाणीं नष्ट झालेलीं. म्हणून आरंभींच्या कांहीं खंडांतील पानें दुसऱ्याच हातांनीं गिरवून घेतलेलीं आहेत. ग्रेग थीकस्टन ह्यांनीं जुन्या छापील पानांतील रंग रसायनांनीं धुऊन काळी रेषा तेवढी शिल्लक ठेवण्याची युक्ति काढली. तिच्यामुळें मूळ रेषा मिळाली, पण तो जुना अंक मात्र धारातीर्थीं पडला! तरीहि एक प्रत खर्चीं घालून हजारों जगविण्याचा हा व्यवहार आम्हांस गिरवलेल्या रेषेपेक्षां अधिक प्रामाणिक वाटतो. गिरवलेलें चित्र कितीहि नीटस असो, तें मूळ कलावंताचें नव्हे.

दुसरी उणीव गाळलेल्या पानांची. आपल्याकडेहि मासिकांचे जुने अंक बांधतांना बाइंडर मुखपृष्ठें व जाहिराती काढून टाकतो, आणि पन्नास वर्षांनीं अभ्यासक नेमक्या त्याच पानांसाठीं हळहळतो. ‘मास्टरवर्क्स’मध्यें वाचकांचीं पत्रें सामान्यतः नाहींत, परंतु संपादक व वाचक ह्यांचा तो मोकळा संवाद हीच मार्व्हलच्या अंकांची अर्धी गोडी होती. २००५ पासूनच्या ‘ऑम्निबस’ खंडांत अनेक ठिकाणीं हीं पत्रें परत आलीं, हें स्तुत्य आहे. मात्र आठशे-हजार पानांचें तें ओझें मांडीवर घेऊन वाचणें हा एक व्यायामच आहे!

सर्वांत गंभीर प्रश्न नांवांचा. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल व जो शुस्टर ह्यांनीं त्याचे हक्क १३० डॉलरांस विकले. नांव व वार्षिक वेतन मिळावयास १९७५ साल उजाडावें लागलें. बॅटमॅनची कथा अधिकच खेदकारक आहे. १९३९ मध्यें तो वीर घडविण्यांत बिल फिंगर ह्यांचा मोठा वांटा. परंतु निर्माता म्हणून एकट्या बॉब केन ह्यांचें नांव छापलें जाई. फिंगर १९७४ सालीं वारले, आणि त्यांचें नांव केन ह्यांच्या नांवाशेजारीं आलें तें २०१५ सालीं. ‘आर्काइव्ह’ मालेंतील बॅटमॅनचे खंड त्यापूर्वींच निघाले होते. पुनर्मुद्रण हें आमच्या मतें एक प्रकारचें समीक्षणच होय. काय ठेवावें, काय गाळावें आणि श्रेय कोणास द्यावें, ह्यांचा निर्णय त्यांत होत असतो. कागद टिकाऊ आणि श्रेय अपुरें, अशा खंडानें अन्यायहि टिकाऊ केला असेंच म्हणावें लागेल.

राहतां राहिला संग्राहक. ‘मास्टरवर्क्स’च्या पाठींवर अनुक्रमांक असतात, आणि रांगेंतील एक अंक नसला कीं कित्येकांस झोंप येत नाहीं, असलेले खंड वाचले कीं नाहींत, ही चिंता मात्र त्यांस सहसा शिवत नाहीं. प्लॅस्टिकचें वेष्टनहि न फोडतां खंड जपून ठेवणारे आहेत. दहा सेंटांचा अंक पोरांनीं चुरगळला, पण वाचला. हा खंड चुरगळला जात नाहीं, कारण तो उघडलाच जात नाहीं. ज्यांस आरंभ करावयाचा असेल त्यांनीं स्पायडरमॅनचा तो पहिला खंड घ्यावा, घरांतील मुलांच्या हातीं द्यावा, आणि पानांवर थोडे डाग पडले तर रागावूं नये. जीर्णोद्धार झालेल्या देवळाचें दार उघडें असावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.