मीटर थांबल्यावर : ‘संध्याछाया’चे पुनर्वाचन

जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ मी अनेक वर्षे वर्गात शिकवले आणि दरवर्षी एक विधान ठामपणे केले : हे नाटक परदेशी फोन महाग असण्याच्या काळातले आहे, बोलणे स्वस्त झाले की त्याची धार जाईल. ते विधान मला आज मागे घ्यायचे आहे.

नाटकातील नाना-नानींचा मोठा मुलगा अमेरिकेत, धाकटा हवाई दलात. गोवा हिंदू असोसिएशनने सत्तरच्या दशकात हे नाटक रंगभूमीवर आणले. विजया मेहता आणि माधव वाटवे यांनी ही जोडी उभी केली. त्या काळी अमेरिकेला फोन करायचा तर ऑपरेटरकडे ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहावी लागे. म्हाताऱ्यांच्या एकटेपणाचे मोठे कारण मी या महागाईत शोधले.

तसे शोधण्यामागे माझा स्वतःचा अनुभव होता. जिंतूर-मंठा रस्त्यावर, सेलूकडे रस्ता फुटतो तिथे, आमचा देवगाव फाटा. १९८४मध्ये सी-डॉट स्थापन झाले आणि पुढच्या काळात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ गावोगाव दिसू लागले. आमच्या फाट्यावरही एक होता. थोरला भाऊ दुबईत कामाला. आई आणि मी रात्री बूथवर जायचो. पाऊस, सोसायटीचे कर्ज, बहिणीचे स्थळ, असे काय काय सांगायचे ते आई वाटेत घोकून ठेवी. रिसीव्हर कानाला लावला की तिची नजर मीटरच्या लाल आकड्यांवर. “बरं, ठेवते बाबा, पैसे पडायलेत,” हे तिचे ठरलेले शेवटचे वाक्य. मायलेकरांत जे बोलायचे राहून गेले ते पैशांमुळे राहिले, असे मी धरून चाललो.

मग मीटरच गेला. भारतात इंटरनेटवरून दूरध्वनीला १ एप्रिल २००२पासून मर्यादित परवानगी मिळाली. २००३मध्ये स्काईप आले, २०१५मध्ये व्हॉट्सॲपवरून बोलता येऊ लागले, २०१६मध्ये जिओने डेटा स्वस्त केला. या व्यवस्थेत आवाजाचे बारीक तुकडे करून ते इतर माहितीसारखेच जाळ्यातून पाठवतात. त्यामुळे अंतराचा आणि मिनिटांचा वेगळा हिशेब राहत नाही. पैसे जातात ते डेटाचे. अर्थात हे फुकटपण सगळीकडे सारखे नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरचे बोलणे अडवलेले असते आणि परवानगी मिळालेलीच ॲप वापरावी लागतात. म्हणजे तंत्राने जे फुकट केले ते कायदा पुन्हा महाग करू शकतो.

माझा मुलगा टोरांटोत आहे. तिथे अशी अडवणूक नाही. दर रविवारी आमच्या रात्री, त्याच्या सकाळी, त्याचा व्हिडिओ कॉल येतो. तब्येत, हवा, जेवण झाले की सात-आठ मिनिटांत आम्ही दोघेही गप्प होतो. फोन चालूच असतो. तो कॉफी करतो, मी पंख्याकडे पाहतो. “बरं बाबा, तुम्ही झोपा आता,” तो म्हणतो. आईचे वाक्य मला म्हणता येत नाही, कारण पैसे पडत नसतात.

या उन्हाळ्यात ‘संध्याछाया’ पुन्हा वाचले ते या गप्प बसण्याची सवय झाल्यावर. तेव्हा लक्षात आले की मी नाटकाचा प्रश्न चुकीचा मांडत होतो. मुलाचा आवाज दुर्मीळ आहे, एवढेच नाना-नानींचे दुःख नाही. त्याच्या रोजच्या जगण्यात आपली गरज कुठे लागते, हे त्यांना सापडत नाही. मुलाच्या घरातली कोणतीच गोष्ट त्यांना विचारून ठरत नाही. दळवींनी ही उणीव दिवसभराच्या बारीकसारीक हालचालींत दाखवली आहे. फोनचा दर शून्य केला तरी ती तशीच राहते. उलट, महागाईची सबब गेल्यामुळे ती अधिक उघडी पडते.

आईच्या आणि माझ्या फोनची तुलनाही मी आता वेगळी करतो. तिच्या तीन मिनिटांत कर्ज होते, स्थळ होते. भावाच्या होकार-नकाराने घरात काहीतरी हलत होते. माझ्या अर्ध्या तासात तसे काहीच नाही. तिचे बोलणे मीटरने तोडले हे खरे. पण बोलण्याला विषय मीटरने दिला नव्हता, गरजेने दिला होता.

म्हणून उद्या कुणी हे नाटक नव्याने बसवले आणि नानीच्या हाती मोबाइल दिला, तर माझी हरकत नाही. फक्त मुलाला फोन न लागणे दाखवू नये. फोन लागावा, मुलगा पडद्यावर दिसावा, दोघांनी एकमेकांना जेवलात का विचारावे, आणि त्यानंतरचा वेळ दिग्दर्शकाने कापू नये.

पुढच्या रविवारी मी मुलाला विहिरीच्या वाटणीचे विचारणार आहे. निर्णय मी घेऊ शकतो. तरी विचारणार आहे.