रिकाम्या चौकटी

१९९० साली १८ मार्चच्या पहाटे बॉस्टन येथील गार्डनर संग्रहालयात पोलिसांच्या वेषात शिरलेल्या दोघा चोरांनी १३ कलाकृती लांबविल्या. ते वृत्त वाचताना आमच्या मनात प्रथम उठला तो किमतीचाच प्रश्न, हे कबूल करावयास संकोच वाटतो. जे उजळ माथ्याने विकताच येत नाही, त्याचा भाव तो कोणता? रेम्ब्रांटने १६३३ मध्ये रंगविलेल्या समुद्रावरील वादळाच्या चित्रात, हेलकावणाऱ्या नावेतील एक जण थेट प्रेक्षकाकडे पाहतो. चोरांनी ते चित्र चौकटीतून कापून नेले. आजतागायत ते सापडले नाही. त्या नजरेला नजर देणारा रसिक अंतरला, ही खरी हानी. संग्रहालयाने रिकाम्या चौकटी भिंतीवर तशाच ठेवल्या आहेत. वर्तमानपत्री आकड्यांहून त्या चौकटीच चित्राची थोरवी अधिक जाणतात.