मेंदूइजेनंतर दैनंदिन व्यवहारातील कार्यकारी क्षमतेचे मूल्यमापन : एक चिकित्सा

ध्येय ठरविणे, क्रम लावणे, वेळेचे भान राखणे व चुका सुधारणे या क्षमतांना मानसशास्त्रात कार्यकारी क्षमता म्हणतात. मेंदूच्या अग्रखंडाला इजा झाल्यास त्या बाधित होतात; मात्र चाचणीकक्षात ही बाधा दिसेलच असे नाही. एस्लिंगर व दमासिओ यांनी १९८५ मध्ये वर्णिलेल्या रुग्णाची बुद्धिमापनातील कामगिरी उत्तम होती, तरीही त्याचे व्यावसायिक व कौटुंबिक जीवन विस्कटले होते.

या विसंगतीवर शॅलिस व बर्जेस यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुकाम चाचणी योजली. डोक्याला इजा झालेल्या तीन रुग्णांना प्रत्यक्ष बाजारपेठेत पाठविण्यात आले. ठराविक वस्तू आणणे, विशिष्ट माहिती मिळविणे, नेमलेल्या वेळी ठरल्या जागी पोहोचणे आणि हे सर्व कमीत कमी खर्चात व नियम पाळून करणे अपेक्षित होते. बुद्धिमापनात चांगले ठरलेले हे रुग्ण येथे अडखळले. पुढे ऑल्डरमन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये चाचणीचे सुलभ रूप वापरून नियम मोडणारे व कामे अपुरी सोडणारे असे दोन प्रकार नोंदविले.

परिसरीय वैधता हे या चाचणीचे सामर्थ्य निर्विवाद आहे. तथापि, दोन आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते. पहिला, कामांची यादी व नियम परीक्षकच देतो. प्रत्यक्ष जीवनात मात्र यादी स्वतःच करावी लागते, आणि अनेक रुग्णांची अडचण नेमकी तेथेच सुरू होते. दुसरा, बाजार हा सांस्कृतिक व्यवहार आहे. आपल्याकडील घासाघीस, वाण्याकडील उधारी, ओळखीच्या दुकानदाराची मदत यांमुळे चुकीची व्याख्याच बदलते. शिवाय ज्या घरी वाणसामान दुसरेच कोणी आणते, तेथे रुग्णाची उणीव झाकली जाते. म्हणून अशी चाचणी मराठीत केवळ भाषांतरित करून भागणार नाही; कामे, नियम व गुणांकन स्थानिक निरीक्षणातून नव्याने ठरवावे लागेल.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. चाचणीत 'सामान्य' ठरलेल्या रुग्णाला घरात आळशी वा बेजबाबदार समजले जाते आणि पुनर्वसनाचा त्याचा हक्क डावलला जाण्याचा धोका असतो. सारांश, चाचणीतील गुणांसोबत कुटुंबीयांचे निवेदन व दैनंदिन कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण यांना मूल्यमापनात समान स्थान मिळाले पाहिजे.