उष्णतेच्या धड्यात नसलेला प्रश्न

उष्णतेच्या संक्रमणाचे प्रकरण शालेय विज्ञानात फार जुने आहे. त्याची मांडणीही ठरलेली आहे: वहनासाठी धातूची सळई, अभिसरणासाठी तापणारे पाणी, प्रारणासाठी सूर्य आणि शेवटी थर्मास. माहिती बरोबर असते, भाषा सोपी असते. तरीही एक मोठी उणीव राहते. प्रत्येक प्रकार सुटा शिकवला जातो. तिन्ही एकाच वेळी घडत असताना आधी कोणता रोखायचा, हे मुलांना कधी ठरवावेच लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. परभणी जिल्ह्यात हिवाळ्यात पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. पोखर्णीच्या मुलांना थंडी समजावून सांगावी लागत नाही. समजा, त्यांची सहल उजनी जलाशयावर भिगवणला गेली. रोहित पक्षी पाहण्यासाठी तेथे हिवाळ्यात पहाटे उघड्या होड्या निघतात. होडीत तासभर बसणाऱ्या मुलांना ऊब कशी द्यावी?

‘हीटर लावा’ असे उत्तर आले, तर गणित करावे. होडी ताशी १० किलोमीटर वेगाने जाते. बसण्याची जागा दीड मीटर रुंद व एक मीटर उंच धरली, तर तिच्यातून दर सेकंदाला सुमारे ४ घनमीटर हवा वाहून जाते. एवढी हवा १० अंशांनी तापवण्यास सुमारे ५० किलोवॅट लागतील. म्हणजे दोन किलोवॅटचे पंचवीस हीटर! कोळशाची शेगडीही येथे निरुपयोगी. शिवाय वारा अडवण्यासाठी होडी ताडपत्रीने झाकली, तर आत कार्बन मोनॉक्साइड कोंडून जीव जाऊ शकतो.

हवा तापवण्याऐवजी शरीराची उष्णता राखावी, हे येथे स्पष्ट होते. स्वस्थ बसलेला मोठा माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. गरम पाण्याच्या पिशवीतील एक लिटर पाणी तासाभरात ६० अंशांवरून ३५ अंशांवर आले, तर सरासरी २९ वॅट मिळतात. ही भर मोलाची आहे. मात्र पिशवी फडक्यात गुंडाळावी.

‘लोकरीचे कपडे उबदार असतात’ हे वाक्यही तपासावे. घोंगडीत तापमापी गुंडाळून ठेवला तरी पारा चढत नाही; बर्फ गुंडाळला तर तो उशिरा वितळतो. लोकर उष्णता निर्माण करत नाही, तिच्यात अडकलेली हवा उष्णता रोखते. वारा ती हवाच हुसकावतो. म्हणून आत स्वेटर, त्यावर रेनकोट आणि सर्वांत वर नीट आवळलेले जीवरक्षक जाकीट, हा क्रम योग्य. घोंगडीची घडी बसायला घ्यावी; थंड पत्र्यातून होणारे वहन तिने कमी होते. ती अंगाभोवती बांधू नये. होडी कलंडल्यास हातपाय अडकतील.

‘संक्रमणाचे तीन प्रकार लिहा’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते. वरील प्रश्नाला मात्र विचार करावा लागतो, आणि चुकीच्या निवडीची किंमतही मुलांना कळते. पुस्तकात तो येईपर्यंत शिक्षकांनी तो फळ्यावर लिहावा.